निबंध न वाचता परत करू नका: शोधनिबंध मूल्यमापन समितीला खुलं पत्र

समितीचे सर्व सदस्य आणि मार्गदर्शक शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

ग्रंथालयाच्या संदर्भकक्षात मी गेली १९ वर्षं बसते. निबंध जमा करायचा आठवडा जवळ आला की तुमच्या वर्गातली मुलं माझ्या टेबलाभोवती गोळा होतात. कुणाच्या हातात लॅपटॉप असतो, कुणाच्या हातात लाल शेरे मारलेली प्रत. त्यामुळे तुमचे निर्णय मला परिपत्रकातून कळायच्या आधी मुलांच्या चेहऱ्यांवरून कळतात.

या विषयावर मी समितीला दोन वेळा अर्ज दिला. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. विद्यार्थ्यांनी हे वाचावं, पालकांनी वाचावं, आणि इतर संस्थांमधल्या शिक्षकांनीही वाचावं, कारण हे फक्त आपल्याच संस्थेत घडतंय असं मला वाटत नाही.

या शैक्षणिक सत्राच्या सुरुवातीला तुम्ही तीन निर्णय घेतले. ठरलेल्या फॉरमॅटमध्ये नसलेला शोधनिबंध न वाचता परत करायचा. फॉरमॅटला १०० पैकी २५ गुण ठेवायचे, आणि परत आलेला निबंध दुरुस्त करून दिला तरी ते २५ गुण द्यायचे नाहीत. आणि संदर्भ कसे द्यावेत हे शिकवणारी दोन तासांची सत्रं बंद करून त्याऐवजी एक पानाचं सूचनापत्रक वाटायचं. म्हणजे शिकवणं थांबवलं आणि त्याच वेळी शिक्षा वाढवली. हे मला मान्य नाही.

आधीच सांगते, फॉरमॅट हवा याबद्दल माझं दुमत नाही. माझं अर्धं आयुष्य त्याच कामात गेलं आहे. पण गेल्या महिन्यात माझ्या टेबलावर जे आलं, ते पाहिल्यावर गप्प बसवेना.

शेवटच्या वर्षाची एक मुलगी आली. तिच्या परवानगीने लिहिते आहे, नाव लिहीत नाही. झोप आणि स्मरणशक्ती हा तिचा विषय, १४ पानांचा निबंध, आणि पहिल्याच पानावर शेरा: ‘फॉरमॅट अमान्य. परत.’ मी संदर्भसूचीचं पान उघडलं. ११ नोंदी होत्या आणि लाल पेनाने सात ठिकाणी वर्तुळं काढलेली होती. दुसऱ्या नोंदीत नियतकालिकाच्या अंकाचा क्रमांक सरळ अक्षरांत होता, तो तिरक्या अक्षरांत हवा असा शेरा. तुम्हीच ठरवून दिलेल्या एपीए पद्धतीत (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संदर्भ देण्याची पद्धत) नियतकालिकाचं नाव आणि खंडाचा क्रमांक तिरका असतो, कंसातला अंकाचा क्रमांक सरळच ठेवतात. तिचं बरोबर होतं. चौथ्या नोंदीच्या शेवटी डीओआयची, म्हणजे लेखाच्या कायम ओळखक्रमांकाची, लिंक होती आणि तिच्यापुढे टिंब नव्हतं. तिथे वर्तुळ, आणि शेजारी ‘पूर्णविराम?’ असं लिहिलेलं. एपीएमध्ये लिंकनंतर पूर्णविराम देत नाहीत. ते टिंब पत्त्याचाच भाग समजलं गेलं तर लिंक उघडत नाही, म्हणून ते मुद्दाम टाळतात. इथेही तिचं बरोबर होतं.

मग सवयीने मी ती लिंक उघडली. समोर मातीच्या आम्लतेवरचा लेख आला. वाटलं, आकडा चुकला असेल. लेखाचं शीर्षक शोधलं, सापडलं नाही. त्या नियतकालिकाच्या त्याच वर्षाच्या, त्याच खंडाच्या अनुक्रमणिकेत गेले. नोंदीत दिलेल्या पानांवर दुसऱ्याच कुणाचा, दुसऱ्याच विषयावरचा लेख होता. चौथ्या नोंदीतला लेख कुणी कधी लिहिलेलाच नव्हता.

त्या नोंदीवर तुमच्यापैकी कुणाचं तरी पेन टेकलं होतं. नको असलेलं टिंब मागितलं गेलं, आणि लेख मुळात आहे का हे कुणी पाहिलं नाही.

मी तिला विचारलं. तिने काही लपवलं नाही. सूचनापत्रकात ‘किमान १० संदर्भ आवश्यक’ असं लिहिलं होतं, तिच्याकडे आठच होते, शोधायचं कसं हे कुणी शिकवलं नव्हतं. तिने चॅटबॉटला विषय सांगितला आणि एपीए पद्धतीत तीन संदर्भ मागितले. ‘मॅडम, सगळं जागच्या जागी होतं. नाव, वर्ष, खंड, पानं, लिंक. मला वाटलं, इतकं व्यवस्थित आहे म्हणजे खरंच असणार.’ हे वाक्य मला अजून सोडत नाही. व्यवस्थित दिसतं म्हणजे खरं, हा धडा तिला आपणच तर दिला. तीन वर्षं आपण तिच्या संदर्भांचं फक्त दिसणं तपासलं. ती चुकली, आणि ते तिला कळलंही. पण तिची चूक पकडायचं ज्यांचं काम होतं त्यांनीही दिसण्यावरच विश्वास ठेवला.

त्यानंतर आम्ही दोघी पाऊण तास बसलो. डेटाबेसमध्ये शोधशब्द बदलून बदलून पाहिले आणि त्या मुद्द्यावरचा एक खरा लेख सापडला. तिने तो माझ्यासमोर वाचला. अभ्यास प्रौढांवर झालेला होता. तिच्या निबंधातलं वाक्य शाळकरी मुलांबद्दल होतं आणि त्यात ‘सिद्ध झाले आहे’ असे शब्द होते. तिने स्वतःहून ते वाक्य खोडलं आणि बराच वेळ विचार करून नवीन लिहिलं, पहिल्यापेक्षा लहान आणि जपून केलेलं. मग म्हणाली, ‘आता खालचा परिच्छेदही बदलावा लागेल.’ संदर्भ देणं म्हणजे काय हे तिला त्या पाऊण तासात कळलं. ते शिकवायला दोन तासांचं सत्र होतं, तेच तुम्ही बंद केलं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार सूचनापत्रकाची. त्यावर ‘एपीए’ इतकंच लिहिलं आहे, आवृत्ती लिहिलेली नाही. एपीएची सातवी आवृत्ती २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आली. पत्रकातले नियम मात्र बरेचसे त्याआधीच्या, २००९ च्या सहाव्या आवृत्तीतले आहेत. पुस्तकाच्या नोंदीत प्रकाशकाचं शहर मागितलं आहे. सातव्या आवृत्तीने ते काढून टाकलं. प्रत्येक लिंकआधी ‘येथून प्राप्त’ लिहायला सांगितलं आहे. आता बहुतेक ठिकाणी ते लागत नाही. तीन लेखक असतील तर पहिल्या उल्लेखात तिघांचीही नावं हवीत असं म्हटलं आहे. सातव्या आवृत्तीनुसार तीन किंवा जास्त लेखक असतील तर पहिल्या उल्लेखापासूनच पहिल्या लेखकाचं आडनाव आणि ‘इत्यादी’ लिहितात. प्रत्येक पानावर रनिंग हेड, म्हणजे वरच्या कडेला निबंधाचं छोटं शीर्षक, सक्तीचं केलं आहे. विद्यार्थ्यांच्या निबंधाला शिक्षकाने मागितलं नसेल तर त्याची गरज नाही. फॉन्ट फक्त टाइम्स न्यू रोमन, १२ चा. सातवी आवृत्ती ११ चा कॅलिब्री, ११ चा एरियल, ११ चा जॉर्जिया असे पर्यायही देते. आणि सूचीला जे शीर्षक द्यायला सांगितलं आहे ते तर एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) या भाषा-साहित्यातल्या पद्धतीतलं आहे.

या पत्रकाशी जुळलं नाही म्हणून निबंध परत जातो. ज्या मुलांनी स्वतः कष्ट करून चालू आवृत्तीचे नियम शोधले आणि पाळले, त्यांचेच निबंध परत जातात. त्या मुलीच्या सात वर्तुळांपैकी पाच अशीच होती.

त्यातच प्रत्येक मार्गदर्शकाचं वेगळं. भाषा-साहित्याच्या विद्यार्थ्यांना एका शिक्षकांनी प्रत्येक नोंदीच्या शेवटी ‘मुद्रित’ किंवा ‘वेब’ असं माध्यम लिहायला लावलं. एमएलएच्या २००९ च्या आवृत्तीत ते होतं, २०१६ मध्ये आठव्या आवृत्तीने ते सोडून दिलं, आणि आता तर २०२१ पासून नववी चालू आहे. दुसरे एक शिक्षक तळटिपांत ‘तत्रैव’ (म्हणजे ‘स्रोत आधीच्याच टिपेतला’) हवंच असं म्हणतात. संदर्भ देण्याच्या शिकागो पद्धतीची २०१७ ची आवृत्ती तिथे लेखकाचं आडनाव आणि छोटं शीर्षक द्या असं सुचवते, कारण मधे एखादी नवी टीप घुसली की ‘तत्रैव’ भलत्याच स्रोताकडे बोट दाखवायला लागतं. दोन शिक्षकांकडे एकाच वेळी निबंध असलेल्या मुलांची काय ओढाताण होते, ती मी रोज बघते.

दुसरी तक्रार मला जास्त खोलवरची वाटते. तुम्ही नियम देता, त्यामागचं कारण देत नाही. कारण कळलं तर नियम लक्षात राहतो आणि विसरला तरी तर्काने पुन्हा सापडतो. ओळींमध्ये दुप्पट अंतर का? तपासणाऱ्याला ओळींच्या मधल्या जागेत लिहिता यावं म्हणून. चहूबाजूंनी एक इंच समास का? त्याचसाठी. सूचीतल्या नोंदीची पहिली ओळ कडेला आणि पुढच्या ओळी अर्धा इंच आत का? डावीकडे आडनावांचा उभा रकाना तयार होतो आणि वाचणारा वरून खाली नजर फिरवून हवं ते नाव दोन सेकंदांत गाठतो. याला शोभा समजून मुलं स्पेस बार दाबत बसतात, मग एक शब्द बदलला की सगळी सूची विस्कटते. वर्डमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘हँगिंग’ नावाचा पर्याय आहे हे त्यांना दाखवायला एक मिनिट लागतं. दर वर्षी मी तो शेकडो वेळा दाखवते.

पद्धतींमधले फरकही असेच त्या त्या विषयाच्या गरजेतून आले आहेत. मानसशास्त्रात संशोधन किती ताजं आहे याला महत्त्व, म्हणून एपीए मजकुरातच नावाशेजारी वर्ष ठेवते: (आडनाव, २०१९, पृ. ४५). साहित्याच्या अभ्यासात नेमकी ओळ कुठे आहे हे महत्त्वाचं, म्हणून एमएलए वर्ष सोडून पान देते: (आडनाव ४५). इतिहासकाराला पत्रं, दफ्तरं, हस्तलिखितं यांचे लांबलचक तपशील द्यायचे असतात, ते कंसात मावत नाहीत, म्हणून शिकागो पद्धतीत तळटिपा. वैद्यकात एकाच वाक्यामागे पाच-सहा लेख असू शकतात, म्हणून तिथे मजकुरात नावांऐवजी क्रमांक. काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक १९७८ मध्ये व्हँकुव्हरला जमले आणि त्यांनी नियम एकसारखे केले, त्यावरून त्या पद्धतीला ते नाव पडलं. खुद्द एपीएचे नियम १९२९ मध्ये एका नियतकालिकातल्या सात पानांच्या लेखातून सुरू झाले. लेख वाचणाऱ्यांचा, तपासणाऱ्यांचा, छापणाऱ्यांचा वेळ वाचावा एवढाच हेतू होता. आज त्याचं चारशेहून जास्त पानांचं पुस्तक झालं आहे, तरी हेतू तोच आहे: वाचणारा वाट न चुकता मूळ ठिकाणी पोचावा.

नोंद सुबक आणि वाट मात्र कुठेच जात नाही, असं नामवंतांच्या जगातही घडतं. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये ‘संदर्भ असा लिहावा’ म्हणून एक नमुना दिला होता: तीन लेखक, २००० साल, खंड १६३, पानं ५१ ते ५९. तो लेख प्रत्यक्षात नव्हताच, फक्त नमुना होता. २०१७ मध्ये याचा छडा लागला तेव्हा तो लेख जवळपास ४०० शोधलेखांनी उद्धृत केलेला निघाला. त्या प्रत्येक लेखात त्याचा फॉरमॅट निर्दोष असणार, कारण तो फॉरमॅटचाच नमुना होता.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर. १९८० मध्ये एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांना नार्कोटिक वेदनाशामकं दिली, त्यांच्यात व्यसन जडल्याची उदाहरणं फार थोडी आढळली, एवढंच त्यात होतं. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात त्याच्या उद्धृतांचं विश्लेषण आलं. ६०८ वेळा ते पत्र उद्धृत झालं होतं. त्यांतल्या ७२ टक्क्यांहून अधिक लेखकांनी ‘या औषधांचं व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून ते वापरलं, आणि ८० टक्क्यांहून अधिकांनी ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलंच नाही. उत्तर अमेरिकेतल्या ओपिऑइड औषधांच्या (म्हणजे याच प्रकारच्या वेदनाशामकांच्या) व्यसनाच्या संकटाला या चुकीच्या उद्धृतांनी हातभार लावला, असं विश्लेषकांनी स्पष्ट लिहिलं आहे. ते पत्र खरं होतं, पत्ता खरा होता. उघडून पाच वाक्यं वाचायची तसदी बहुतेकांनी घेतली नसावी. आपल्या २५ गुणांच्या कोष्टकात अशा लेखकांना २५ पैकी २५ मिळाले असते.

तिसरी तक्रार प्रामाणिकपणाला शिक्षा करण्याची. एखाद्या विद्यार्थ्याला मूळ ग्रंथ मिळाला नाही, दुसऱ्याच्या पुस्तकात त्यातला उतारा मिळाला, तर त्याने ‘अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत’ असं लिहावं आणि सूचीत स्वतः वाचलेलं पुस्तक द्यावं, हा बहुतेक पद्धतींत मान्य मार्ग आहे. शक्यतो मूळ शोधा, नाही मिळालं तर हे करा. आपल्याकडे मात्र ‘उद्धृत’ शब्द दिसला की ‘दुय्यम स्रोत, काढून टाका’ असा शेरा येतो. मुलं तो स्रोत काढत नाहीत. ती ‘उद्धृत’ हा शब्द तेवढा काढतात आणि कधीही न पाहिलेला मूळ ग्रंथ सूचीत घालतात. आपला शेरा त्यांना खोटं लिहायला लावतो.

हे किती दूर जाऊ शकतं याचं एक उदाहरण मी सत्रांमध्ये सांगायचे. दशांशचिन्ह चुकल्यामुळे पालकातलं लोह दहापट मोजलं गेलं आणि पालकाची कीर्ती त्या चुकीतून झाली, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. १९८१ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखात ती आली, तिथे स्रोत दिलेला नव्हता. पुढे कित्येकांनी ती एकमेकांवरून उचलली, आणि तीही शास्त्रज्ञांनी काळजी घ्यावी हे पटवून देण्यासाठी. २०१० मध्ये एका अभ्यासकाने मुळाशी जायचा प्रयत्न केला तेव्हा दशांशाच्या चुकीच्या त्या गोष्टीलाच आधार सापडला नाही. वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलं क्षणभर गप्प व्हायची, आणि मग कुणीतरी हळूच आपल्या निबंधातली एखादी नोंद पुन्हा उघडून पाहायचं.

चौथी, साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरच्या टक्क्यांबद्दल. ते सॉफ्टवेअर शब्द जुळतात की नाही एवढंच सांगतं. अवतरणचिन्हांत रीतसर दिलेला उताराही त्यात रंगतो, संदर्भसूची वगळली नाही तर तीही रंगते, ‘या संशोधनाचा उद्देश’ असली नेहमीची वाक्यंही रंगतात. अहवाल उघडून कुठे काय जुळलं ते वाचावं लागतं, तेव्हा चोरी आहे की नाही ते कळतं. तुम्ही आकडा पाहून निकाल देता. परिणाम असा झाला आहे की मुलं टक्का खाली आणायला शब्दांच्या जागी समानार्थी शब्द घालत सुटतात. ‘स्मरणशक्ती’ची ‘आठवणक्षमता’ होते, वाक्याचा अर्थ हरवतो, आणि कल्पना दुसऱ्याची असूनही संदर्भ गायब होतो, कारण आता ‘ते माझे शब्द आहेत’. दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत मांडला तरी श्रेय द्यावंच लागतं, ही या विषयातली पहिली गोष्ट. टक्क्यांच्या भीतीने आपण नेमकी तीच पुसून टाकली. चोरी पकडायची म्हणून आणलेलं साधन मुलांना सफाईदार चोरी शिकवतंय, आणि ज्याने प्रामाणिकपणे अवतरणं दिली त्याचा टक्का वर जातो.

इंग्रजीखेरीज इतर भाषांतल्या स्रोतांबद्दल थोडक्यात लिहिते. सूचनापत्रकात त्यांचा उल्लेखच नाही, त्यामुळे ‘सूचीत बसत नाही’ म्हणून चांगले मराठी ग्रंथ निबंधातून वगळायला सांगितल्याच्या तक्रारी माझ्याकडे आल्या आहेत. एपीएमध्ये यासाठी सोय आहे: मूळ शीर्षक रोमन लिपीत लिहायचं आणि त्यापुढे चौकटी कंसात त्याचा अनुवाद द्यायचा. निबंध मराठीतच असेल तर सूची देवनागरी वर्णक्रमाने लावायची. अडचण एवढीच की हे कुणीतरी एकदा लिहून द्यायला हवं.

आणि साधनांबद्दल. संदर्भ साठवून त्यांची सूची तयार करून देणारं झोटेरोसारखं सॉफ्टवेअर २००६ पासून आहे, मोफत आहे, एका विद्यापीठातल्या इतिहास-केंद्रात ते जन्माला आलं. ते वापरलं म्हणून एका मुलाला ‘स्वतः मेहनत केली नाही’ असं सुनावलं गेलं. टिंबं-स्वल्पविराम यंत्राने लावले तर त्यात बिघडलं काय? उलट त्याला हे शिकवायला हवं की यंत्रात माहिती चुकीची शिरली तर नोंदही चुकीचीच निघते. इंग्रजी शीर्षक सगळं कॅपिटल अक्षरांत आलं, लेखकाच्या जागी संकेतस्थळाचं नाव पडलं, वर्ष रिकामं राहिलं, हे डोळ्यांनीच पाहावं लागतं. वाचलेला वेळ त्याने स्रोत वाचण्यात घालवला तर मला आनंदच आहे. लिंकांचंही तसंच. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतल्या सुमारे निम्म्या लिंकांवर मूळ मजकूर उरलेला नव्हता. न्यायालयाची ही गत, तर विद्यार्थ्याच्या निबंधाचं काय होणार? वेबपान उद्धृत करताना त्याची प्रत वेब आर्काइव्हमध्ये (वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या संग्रहात) जतन करा, पान बदलत राहणारं असेल तर पाहिल्याची तारीख द्या, हे पत्रकात यायला हवं होतं. त्यात मुखपृष्ठाच्या चौकटीची जाडी दिली आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

कुठलाही निबंध न वाचता परत करू नये. फॉरमॅट चुकला तर शेरे द्या, एका आठवड्याची मुदत द्या, आणि दुरुस्तीनंतरचे गुण द्या. फॉरमॅटच्या २५ गुणांपैकी फॉरमॅटला ५ पुरेत. उरलेले २० संदर्भांच्या खरेपणाला द्या: स्रोत अस्तित्वात आहे का, विद्यार्थ्याने तो पाहिला आहे का, आणि निबंधातलं वाक्य त्या स्रोतात खरंच सापडतं का.

हे तपासायला प्रत्येक परीक्षकाने प्रत्येक निबंधातले कोणतेही तीन संदर्भ स्वतः उघडून पाहावेत. वेळ नाही हे कारण मी समजू शकते, तुमच्यावरचा भार मला दिसतो. म्हणून सांगते, एका संदर्भाला पाच मिनिटं लागतात, आणि तिथे अडलं तर संदर्भकक्षात पाठवा, आम्ही पाहून देऊ. तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला सूचीतल्या एखाद्या नोंदीवर बोट ठेवून ‘यात काय म्हटलंय, सांग’ असं विचारलं तरी पुष्कळ काम होईल.

प्रत्येक विभागाने आपली पद्धत आणि तिची आवृत्ती लेखी जाहीर करावी आणि त्या विभागातल्या सर्व शिक्षकांनी तीच पाळावी. सध्याचं सूचनापत्रक मागे घ्यावं. नवीन पत्रकाचा मसुदा मी तयार केला आहे, त्यात प्रत्येक नियमापुढे त्याचं कारण लिहिलं आहे, मराठी स्रोतांचे नमुने आहेत, आणि चॅटबॉटने सुचवलेला कुठलाही संदर्भ मूळ लेख हातात आल्याशिवाय सूचीत घालू नये ही सूचना ठळक अक्षरांत आहे. हा मसुदा दोन्ही अर्जांसोबत जोडलेला होता.

‘किमान १० संदर्भ’ ही अट काढावी. चार वाचलेले संदर्भ न वाचलेल्या दहांपेक्षा चांगले. ‘उद्धृत’ लिहिणाऱ्याचे गुण कापू नयेत. साम्याच्या टक्क्यावरून कुणालाही दोषी ठरवू नये. अहवाल वाचून, विद्यार्थ्याचं म्हणणं ऐकूनच निर्णय व्हावा.

दोन तासांची सत्रं पुन्हा सुरू करावीत, आणि ती शैक्षणिक सत्राच्या पहिल्या महिन्यात व्हावीत, जमा करायच्या आठवड्यात नव्हेत. शिकवायला मी तयार आहे. माझ्या कामाच्या वेळेबाहेर, वेगळं मानधन न घेता. शिक्षकही येऊन बसले तर मला मनापासून आवडेल. चालू आवृत्तीचे नियम मलाही दर वेळी पुस्तक उघडून पाहावे लागतात, यात कुणालाच कमीपणा नाही.

आणि शेवटची मागणी या शैक्षणिक सत्रात परत केलेल्या निबंधांबद्दल. ते सगळे परत मागवा आणि या वेळी वाचा. त्यातला एक त्या मुलीचा आहे. चौथी नोंद तिने बदलली आहे, उरलेल्या दहाही स्वतः उघडून पाहिल्या आहेत. चॅटबॉटने दिलेल्या तिनांपैकी आणखी एक खोटी निघाली, ती तिने काढून टाकली, त्यामुळे आता तिच्या सूचीत दहाच नोंदी आहेत. चॅटबॉटची गोष्ट तिने निबंधाच्या सुरुवातीला स्वतःच्या हाताने लिहून दिली आहे. तसं कर असं मी सुचवलं नव्हतं. डीओआयनंतर पूर्णविराम मात्र दिलेला नाही. तो द्यायचा नसतो, एवढं कृपया तपासणाऱ्यांना सांगा.

पुढच्या निबंधांची तारीख जाहीर व्हायच्या आत या पत्राचं उत्तर सूचनाफलकावर लागावं, अशी विनंती करते.

आपली नम्र,
संदर्भकक्षातली तुमची सहकारी